सासूबाईंच्या दिव्याजवळचे दोन ग्लास

काय सांगू तुम्हाला, मी मूळची लांज्याकडची, लग्न होऊन घाटकोपरला डोंगरावर आले आणि तेव्हापासून शिकले, कोणावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, दूधवाल्यावर तर नाहीच नाही. हसू नका, ते पण लिहा. खाली पंतनगरला पोळीभाजीची कामं करते ना, तिथनं निघताना पिशवी उघडून दाखवते, कोणी मागितलं नाही तरी, उद्या माझ्यावर बोट नको.

तर माझी सासू. जिभेची तिखट आणि गोडाची वेडी. तिला डायबिटीस निघाला, डॉक्टर बोलले गोड बंद, मग साखरेचा डबा मी लपवायचा नि तिनं शोधायचा, असा संसार आमचा. मला बोलायची, शालन, मेल्यावर तरी तोंड गोड करशील ना गं. मी बोलायचे, करीन हो, पोटभर करीन. आणि गेल्या उन्हाळ्यात खरंच गेली, झोपेतच. कुर्ल्याहून तिची मुलगी, माझी नणंद, वन्सं म्हणते मी तिला, ती धावत आली पण गाठ नाही पडली.

आता आमच्यात माणूस गेलं की त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात, बाजूला पाण्याचा ग्लास, पाणी खाली गेलं की समजायचं, येऊन पिऊन गेलं. सुतकात गोड चालत नाही, पण मी शब्द दिलेला, म्हणून गुपचूप साखरेचा चांगला घट्ट पाक केला, गार करून ग्लासात ओतला, मुंग्या नकोत म्हणून खाली बशीत पाणी. वन्संनी आपला वेगळा ग्लास ठेवला, साध्या पाण्याचा. आणि तिचा ग्लास रोज खाली जायला लागला, माझा आहे तसाच. चार बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर वन्सं बोलली, आईनं लेकीचं पाणी घेतलं, सुनेचं का बरं घेत नसेल? एवढंच बोलली. पण सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, शेवटी हिनं घोटभर पाणी तरी पाजलं होतं का, असं. नवरा जमिनीकडे बघत बसला.

माझा संशय सरळ वन्संवर. हीच पाणी ओतून टाकते, मला बदनाम करायला. मी कुंकवाची रेघ ओढली तिच्या ग्लासाला आणि समोर ठाण मांडलं. कोणी हात लावला नाही हो, तरी पाणी रेघेच्या खाली. मग मात्र मी घाबरले. साखर लपवली म्हणून खरंच रागावून गेली का सासू? मोरीत जाऊन रडले मी.

दहावं, बारावं, तेरावं झालं, कामावर गेले, पण डोक्यातनं जाईना. मग जिथे पोळ्या करते त्या मॅडमच्या खिडकीत दोन ग्लास ठेवले, एकात पाक, एकात पाणी, तिथे ना वन्सं पोचणार ना सासू. मॅडम बोलल्या, अगं, साखर पाण्याला धरून ठेवते, सहज उडू देत नाही, त्यात आपली ही दमट हवा. मी त्यांच्यावर पण विश्वास ठेवला नाही, रोज जाऊन बघितलं. पाणी उतरलं, पाक जवळपास तिथेच.

मला एवढा आनंद झाला, तशीच उठून कुर्ल्याला गेले आणि वन्संना सगळं सांगितलं, पाकाचं, मॅडमचं, सगळं. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. बोलली, म्हणजे माझं पाणी पण हवेनंच नेलं? आई आलीच नाही?

अहो, तेवढंच एक पाणी तिनं आईला दिलेलं, जिवंतपणी शेवटचं द्यायला मिळालं नव्हतं. मी बोलले, तुमचं प्यायल्या हो आई. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं ना, माझा पाक कसा घेतील?

ती परत मेथी निवडायला लागली.

आता कोणाकडे कार्य असलं की ती चारचौघांत सांगते, आईनं माझं पाणी घेतलं, सुनेचं नाही. मी ऐकते, गप्प बसते. सांगताना ती माझ्याकडे बघत नाही, त्यावरून मला संशय आहे, तिला सगळं कळलेलं आहे, मी तिचं मन राखायला बोलले ते पण. असू दे. सुखी राहू दे बाई तिला. तुम्ही मात्र हे तिला वाचून दाखवू नका. बघा हं, तुमच्यावर विश्वास ठेवलाय.