अजगराच्या नख्या

सदाशिव पेठेत कृत्रिम पाय बसवणाऱ्या एका दवाखान्यात आमोद आपल्या नंबरची वाट बघत होता. समोरच्या बाकावर गुडघ्याखाली पाय काढलेले एक आजोबा, त्यांची बायको आणि प्राणिशास्त्राचं पुस्तक वाचणारी एक कॉलेजातली मुलगी बसली होती. आजोबांची कुबडी घसरली, तसा आजींनी हात पुढे केला.

“हात नको. माझं मी बघतो.”

“बघा.”

आजोबा कुबडी सावरून मुलीच्या पुस्तकात डोकावले.

“काय गं, ह्या सापाला पाय दाखवलेत का?”

“अजगर आहे, आजोबा. सापांचे पूर्वज सरडेच होते, चार पायांचे.”

“मग पाय कोणी कापले?”

“कोणी नाही. कोट्यवधी वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले.”

“माझा एका सकाळी उरकला. आता हा चालतो कशावर?”

“पोटाच्या खवल्यांवर.”

“म्हणजे त्याचं काही अडलं नाही.”

“नाही. पण अजगराचे पाय पुरते गेलेले नाहीत. शेपटीपाशी ह्या दोन नख्या उरल्यात बघा. आत मांडीच्या हाडाचा तुकडाही असतो.”

आमोदने मोबाइल खिशात टाकला. आजोबांनी चित्रातल्या नख्यांवर बोट ठेवलं.

“चालायला उपयोग नाही, तर ठेवल्या कशाला?”

“नर त्यांनी मादीला कुरवाळतो.”

आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

“ऐकलंस का?”

“बहिरी नाही मी.”

“तात्याराव भालेराव, आत या.”

“अहो, तुम्हालाच बोलावतायत. उठा.”

आजोबांनी कुबडी बाकाला टेकवून ठेवली.

“हात दे.”