साकिउसाचा डबा

नाही हो सिस्टर, बाहेरचं नाही खायचा माझा साकिउसा — डबा असायचा ना, घरचा, माझ्या हातचा. आता दोन आठवडे पायामुळे घरी बसलाय, पण त्याआधी एक दिवस चुकला नाही. शनिवारी सकाळी नौसोरीच्या बाजारात जायचं, अळूची पानं, भोपळा, मासळी आणायची, दुपारभर शिजवायचं — रविवार सगळा चर्चमध्ये जातो म्हणून — आणि पाच डबे भरून फ्रीजरमध्ये. साखरेपायी पायाचा अंगठा कापावा लागला तेव्हा तुमच्याच दवाखान्यानं कागद दिला होता, हा काय, भिंतीवर चिकटवलाय. अर्धा डबा भाजी, पाव डबा मासा, कसावाचा कंद मुठीएवढा. कुणाच्या मुठीएवढा ते लिहिलं नव्हतं, मी माझी धरली. त्याची धरली असती तर — बघितलीत ना त्याची मूठ? तीस वर्षं बस चालवलीय. नारळाचं दूध बंद म्हणालात, बंद केलं. अळू पाण्यात शिजवलं. पाण्यात! माझ्या आईनं बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

मग साखर वाढली कशी? — हेच मी त्याला विचारलं. मला तरी कुठं माहीत होतं? बाजारात कळलं. बिसुनची बायको भेटली, कमलावती. बिसुन पण ड्रायव्हर, डेपोत दोघं शेजारी बसून जेवायचे. ती माझे हात धरते आणि म्हणते, "ताई, उपकार झाले तुमचे, ह्यांची साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली." म्हटलं, माझे कसले उपकार? तर म्हणते, "रोज तुमचाच डबा खातात ना." माझा डबा! आणि माझा नवरा तिची बटाट्याची रोटी हाणतोय, तेलानं निथळणारी — सात महिने! शनिवारभर मी घाम गाळायचा आणि गुण कुणाला, तर बिसुनला. हसू नका. बरं, हसा, मी पण हसले होते तिथं, भाजीच्या ढिगासमोर, आणि मग मला रडू आलं.

भांडले तर काय! चांगली भांडले. मग तो म्हणाला, "उना, तुझा डबा उघडला की सगळे बोलायचे थांबतात. आजाऱ्याकडे बघतात तसं बघतात. बिसुनची रोटी खाताना मी ड्रायव्हर असतो." पटतं का तुम्हाला हे? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. मी कमलावतीला सांगून अदलाबदल बंद केली. तर हा डबा तसाच परत आणायला लागला. भरलेला. राग नाही, ओरडणं नाही — टेबलावर ठेवायचा आणि पायरीवर जाऊन बसायचा. तीन आठवडे. पोटात औषधाच्या गोळ्या आणि बाकी काही नाही, मागे चाळीस माणसं बसलेली, आणि हा बस चालवतोय. पुलावर चक्कर आली त्याला. कशीबशी कडेला घेतली म्हणे. नदी किती खोल आहे तिथं, ठाऊक आहे ना?

म्हणून एका बुधवारी — एकच बुधवार, सिस्टर — फ्रीजरमधल्या डब्यातल्या अळूत टिनातलं मांस घातलं. आणि नारळाचं दूध, पहिलं, घट्ट. संध्याकाळी डबा धुऊन आणला त्यानं. धुऊन! स्वयंपाकघरात आला, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाला, "उद्या काय आहे?" वर्षभरात विचारलं नव्हतं हो. मग गुरुवारी पण घातलं. मग — मग दर शनिवारी पाचही तसलेच केले. कसावा त्याच्या मुठीएवढा.

ते नका लिहू. लिहिलंत? खोडा. तुम्ही विचारलंत त्याच्याबद्दल, माझ्याबद्दल कुठं विचारलंत?

जखम चिघळलीय, मंगळवारी पाय गुडघ्याखालून कापणार म्हणतात. काल मी त्याच्यापाशी बसून सगळं बोलून टाकलं, की साकी, हे मी केलं, माझ्या हातांनी केलं. तर म्हणाला, "मला चव कळत नव्हती होय? खाल्लं मी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना तोंड देता येतं. उपाशी ठेवू तर पुलावरून जातो, जेवू घालू तर तुकड्यातुकड्यानं जातो — तुम्ही काय भरलं असतं डब्यात? कागदावरचं सांगू नका, तो मला पाठ आहे. बोला ना. पोरी, बोल की काहीतरी.

हाक मारतोय. आले रे, आले! — भूक लागलीय त्याला. पट्टी झालीय ना बांधून? मग निघा तुम्ही. सिस्टर, ते चुलीवरचं आहे, ते झाकण काढू नका. नका काढू म्हटलं ना.