शेकायचं नव्हतं

दोन महिन्यांपूर्वी, अकरा वाजून वीस मिनिटं. लिहा. तेव्हा नर्सबाईंनी माझ्या आर्याच्या मांडीत लशीची पहिली सुई टोचली, आणि दुसरीला मी का नेलं नाही ते विचारायला आज तुम्ही सातिवलीच्या चाळीत आलात — चप्पल राहू दे हो पायात, दारात नाक मुरडलंत तेव्हाच कळलं. बावीस वर्षं म्हणे तुम्ही एवढंच शोधताय, माणसं औषधपाणी का टाळतात — आणि अजून सापडलं नाही? अहो मॅडम, मीच बावीस वर्षांची आहे! मी पाळण्यात होते तेव्हापासून कागद भरताय?

पान झाकू नका, सातवी शिकलेय मी, अक्षर उलटं असलं तरी वाचते. ‘नवऱ्याचा विरोध’ — हां, ते मीच सांगितलं. तेवढं म्हटलं की तुम्ही लोक मान हलवता आणि पुढचं विचारत नाही. धनेश बिचारा कारखान्याच्या गाळ्यातून रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करतो — नेलंस का, नेलंस का — हे नका लिहू! खोडा ते.

आणि आता ‘भीती’वर खूण कशाला? सुईला कोण भितंय? मांडीत गाठ आली होती, लिंबाएवढी, पोर पाय हलवेना — फडकं तव्यावर तापवलं आणि शेकलं. शेकायचं नाही, चोळायचं नाही — बजावलं होतं नर्सबाईंनी, ऐकलं होतं मी, बहिरी नाही. तरी शेकलं. फोड आला. आता बरा आहे, हा बघा, डाग तेवढा राहिलाय — पण नर्सबाई मांडी बघणारच ना? रांगेत वीस बायका, आणि बाईंचा आवाज ऐकलाय तुम्ही? शेजारच्या क्षितिजाला म्हणाल्या, ‘आई आहेस की वैरीण?’ — ती अजून नळावर कुणाशी बोलत नाही. याचा रकाना कुठाय तुमच्या कागदात? दाखवा. नाही ना? मग बावीस वर्षं काय शेकलंत?

उठा आता. अंगणवाडीत आज दोनपर्यंतच टोचतात. तुमची वाट तिकडूनच आहे, नर्सबाईंना सांगा — संजना येतेय, पोरीला घेऊन. मांडीचं आधीच सांगून ठेवा. ओरडायचं तर ओरडा, पण हळू, म्हणावं. आणि हे लिहून नका घेऊ — सांगा.