भरलेलं घर

स्वस्त धान्याच्या रांगेत माझ्या पुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, एक म्हातारी, एक तरुण.

"मावशी, तुमचं धान्य बंद झालं म्हणे? मग रांगेत कशा?"

"दुकानदाराला विचारून बघते. रेशनचा पाहणीवाला येणार म्हणून सगळ्या गल्लीनं टीव्ही, मिक्सर, पंखे माझ्या घरात लपवले ना?"

"तुमच्याच घरात जागा मोकळी होती."

"तो नेमका आधी माझ्याकडेच आला. म्हणाला, आजी, तुमची गरिबी हटली की. कधी नव्हे ते घर भरलं बाई, अन् चूल उपाशी राहिली."

"मग सांगायचंत, यातलं माझं काहीच नाही."

"कुणाचं आहे, असं विचारलं असतं त्यानं. तुझी लेकरं लहान आहेत."

"आज माझ्यातलं अर्धं न्या."

"आणि पुढच्या महिन्यात?"

तरुण बाई हातातलं रेशनकार्ड उलटंपालटं करत राहिली.

"सरक गं पुढे, तुझा नंबर आला."