गिरिजाबाईंचे दार

दिनांक ११ नोव्हेंबर १९९८

नाव रखमाजी कडूबा पांचाळ, वय ४६ वर्षे, धंदा सुतारकाम, रा. जुना जालना, ता. जि. जालना.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी लोकांच्या घरी जाऊन जुनी दारे, दिवाण, कपाटे नवी करून देतो. यंदा मी विजेवर चालणारे घासायचे सँडर मशीन घेतले. आमच्या गल्लीत ते दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याने घासलेल्या लाकडावर हात कुठे अडत नाही.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतील काकासाहेब उगले यांनी मला त्यांचे सागवानी दार घासून पॉलिश करायला बोलावले. त्यांची पत्नी गिरिजाबाई तेव्हा शहागडला माहेरी होत्या. दाराला आतून कुंकवाचा एक थापा होता. त्यांची मुलगी बेबीनंदा हिने सासरी निघताना तो उठवला होता. पुसू नये म्हणून त्यावर वार्निश मारून घेतले होते. मुलगी पुढे बाळंतपणात वारली. हे मला माहीत असल्याने मी विचारले, "काका, येवढं सोडून घासू का?" ते म्हणाले, "न्हाई. सगळं बराबर कर. पोरीची आई दिवसभर त्या थाप्यापशीच बसून राहती."

मी मशीनला आधी जाड पॉलिश पेपर लावला, मग बारीक. मशीन चालू असेपर्यंत काकासाहेब बाहेर ओट्यावर होते. काम चांगले झाले होते.

काल गिरिजाबाई परत आल्या. दारावर हात फिरवून म्हणाल्या, "हे आमचं दार न्हाई. रखमाजीनं बदललं." तशी त्यांनी तक्रार दिली. मी काकासाहेबांकडे पाहिले, ते गप्प. आज इथे समोरच्या बाकावर बसूनही गप्प. याचा अर्थ काय लावावा ते मला समजत नाही. चोर ठरलो तर मला कोणी दारात उभे करणार नाही. दार तेच आहे हे दाखवायला त्यावर एक खूण उरलेली नाही, आणि ती मीच घालवली.

इतके सांगून झाल्यावर जमादारांनी मशीन मागवून घेतले. मशीनला भुसा साठायची कापडी पिशवी असते. त्या कामानंतर मी ती झटकलेली नव्हती. जमादारांनी ती कागदावर ओतली. सागाच्या भुशात लाल पूड निघाली.

गिरिजाबाई उठून जवळ आल्या. त्यांनी पुडीला बोट लावून पाहिले व म्हणाल्या, "साहेब, दार आमचंच हाय. माझी तक्रार न्हाई." तेव्हा काकासाहेब बोलले, "म्याच सांगितल्तं त्याला." बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी सगळा भुसा पदरात भरून घेतला. जमादारांनी अडवले नाही.

जमादार म्हणतात, तू सुटलास. मला तसे वाटत नाही. काकासाहेब मला विचारत आहेत की, आता घरी गेल्यावर तिला काय सांगू.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच ते आहे.

(सही) रखमाजी कडूबा पांचाळ