पक्का किलो

ठमाबाई : राजाचं मुंडकं उडवलं, इथवर पटलं. पण त्या मुंडक्याचा आणि किलोचा काय संबंध?

हर्षाली : आहे ना, आजी. सगळं त्याच क्रांतीतनं आलं. तिकडे फ्रान्समध्ये दर गावाचं माप निराळं होतं. जमीनदार धान्य वसूल करायचा ते स्वतःच्या मापानं, आणि ते माप त्याच्याच गढीत, कुलपात.

ठमाबाई : घेताना शीग लावून, देताना सपाट.

हर्षाली : तुला कसं माहीत?

ठमाबाई : त्याला फ्रान्सला कशाला जायला पाहिजे? पुढं वाच. हात फुलं निवडतायत, कान मोकळेच हायत.

हर्षाली : मग गावागावातनं लोकांनी राजाकडे तक्रारी लिहिल्या. कर फार झाला, भाकरी महाग झाली, आणि माप एक करा. माणसं सगळी सारखी, तर माप वेगळं का? राजा गेला आणि दोनेक वर्षांत किलो आला. पॅरिसमध्ये तर रस्त्यावरच्या भिंतीत दगडी मीटर बसवला. कोणीही यावं, आपली पट्टी लावून बघावी.

ठमाबाई : कोणीही? बाईसुद्धा?

हर्षाली : भिंत रस्त्यावरच होती, तेव्हा बाईनंही बघितलं असेल. मत द्यायला मात्र बायकांना आणखी दीडशे वर्षं लागली.

ठमाबाई : तरीच. एवढं सरळ कोणी देत नाय. त्यात आणखी काहीतरी गोम असणार.

हर्षाली : होती. त्यांनी आठवडा दहा दिवसांचा केला. सुट्टी दहाव्या दिवशी.

ठमाबाई : बघ. म्हणत होते ना.

हर्षाली : तो लोकांनी चालू दिला नाही. दहा-बारा वर्षांत मोडला. किलो मात्र राहिला, जगभर गेला.

ठमाबाई : इथं किलो आला तेव्हा मी नवीन सून होते. सासरे म्हणायचे, शेर गेला, आता आपण बुडालो. तुझ्या आजोबांनी वजनाचा संच आणला, कोरा करकरीत. बुडाशी शिसं ओतलेलं, त्यावर सरकारी छाप. मला म्हणाले, ठमे, आता कोणाला भ्यायचं नाय. किलो म्हंजे किलो. बाकीची वजनं कुठं कुठं गेली. हा तेवढा राहिला.

हर्षाली : म्हणून खंडेनवमीला त्याची पूजा?

ठमाबाई : विळा, खुरपं, तराजू आणि किलो. आजोबा गेल्यापासून चौदा वर्षं मीच करते. सकाळी हळदकुंकू वाहिलंय, ओलंच हाय अजून. आण ते वजन ओट्यावर. नजीर येईल आता फुलं न्यायला.

हर्षाली : आजी, खरंच त्याच्या काट्यावर ठेवणार तू?

ठमाबाई : परवा ह्याच वजनानं एकेक किलो करून दहा वेळा झेंडू जोखला मी. दहा भरला. त्याच्या काट्यावर नऊ किलो सहाशे. चारशे ग्रॅम काय वाऱ्यानं उडाला?

हर्षाली : विचारायचं आधी. तू थेट शकुबाईला आणि साधनाकाकूला फोन केलास, नजीरला फुलं देऊ नका म्हणून.

ठमाबाई : केला. त्या दोघी दहा वाजता येणारायत बघायला. उद्या दसरा, त्यानंतर ही फुलं कोण पुसतंय? आजच कळू दे काय ते.

(अंगणात टेम्पो थांबतो.)

नजीर : सलाम, आजी. काय हो, शकुमावशीकडे गेलो तर म्हणाल्या, आधी ठमाबाईकडे जा, ती सांगेल मग देऊ. काय झालं?

ठमाबाई : काटा खाली घे. ओट्यावर ठेव, माझ्यासमोर.

नजीर : ठेवतो. हे घ्या, शून्य. आता?

ठमाबाई : हर्षाली, ठेव वर. तू नाय, नजीर. तू हात लांब ठेव.

हर्षाली : नऊशे साठ.

ठमाबाई : काय म्हणालीस?

हर्षाली : नऊशे साठ ग्रॅम, आजी.

ठमाबाई : सरकारी छापाचा पक्का किलो. ह्याच्या काट्यावर चाळीस ग्रॅम गायब. नजीर, आठ वर्षं तुला चहा पाजते मी.

नजीर : आजी, गेल्या महिन्यात तपासून आणलाय. हे बघा सील.

ठमाबाई : सील काय, कोणी बी लावतो.

नजीर : आठ वर्षांत एक क्रेट तरी मागे ठेवला का तुमचा? पावसानं काळी पडलेली फुलंसुद्धा उचलली मी. माझं खोटं असेल तर आख्खं गाव मला माल द्यायचं बंद होईल. एवढं तर मला कळतं.

हर्षाली : थांबा नजीरभाई. मी मिठाची पुडी आणते. किलोची, न फोडलेली.

ठमाबाई : मिठाचं काय करायचंय?

हर्षाली : हे बघ. एक किलो पाच ग्रॅम. पाच पिशवीचे. आता ही साखर. एक किलो चार.

ठमाबाई : त्या कंपन्या बी सामील असतील.

हर्षाली : नजीरभाईंना?

नजीर : माझी एवढी ओळख असती तर मी टेम्पो चालवला असता का, आजी?

हर्षाली : आजी, ते वजन दे जरा. बुडाशी हळदीचे थरच थर आहेत. खरवडू?

ठमाबाई : पूजेचं हाय ते.

हर्षाली : हळूच, नखानं. शिसं म्हणालीस ना तू? छाप?

ठमाबाई : हां. गोल, पावलीएवढा.

हर्षाली : हे शिसं नाही. मऊ आहे. नख जातंय आत.

नजीर : बघू? मेण आहे हे. काजळी घालून बसवलंय. शिसं कोणीतरी काढून घेतलं.

ठमाबाई : परत ठेव काट्यावर.

हर्षाली : आजी, तेच येणार.

ठमाबाई : ठेव म्हणते.

हर्षाली : नऊशे छप्पन. हळद निघाली ना.

ठमाबाई : आण ते इकडं.

हर्षाली : भंगारवाल्याकडे वगैरे अदलाबदल झाली असेल. इतकी वर्षं झाली.

ठमाबाई : हे घरातनं कुठं गेलं नाय. बुधवारच्या बाजारातनं आलं की पेटीत. पेटीची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

हर्षाली : म्हणजे आजोबांनी?

ठमाबाई : जोखायची मी. गंगेवर बसायचो आम्ही, पुलाच्या अलीकडं. एक आक्काबाई यायची पंचवटीतनं, पाच लेकरांची. दर बुधवारी किलोभर वांगी. एकदा म्हणाली, ठमे, तुझी वांगी घरी जाईस्तवर हलकी होतात गं. मी साऱ्या बाजारादेखत तिला झाडली. संशयी बाई म्हणाले. पुन्हा नाय आली ती.

हर्षाली : तुला कधीच कळलं नाही? रोज हातात असायचं ते.

ठमाबाई : हाताला कळलं असंल. मी हाताला कधी इचारलं नाय.

नजीर : आजी, पाणी घ्या. जाऊ द्या. जुनी गोष्ट आहे. आजोबा गेले, आता त्यांना काय विचारता?

हर्षाली : दहा वाजत आले. शकुबाई निघाली असेल.

नजीर : ऐका माझं. ते वजन आत ठेवून द्या, मी काही बघितलं नाही. मावशींना सांगा, काट्यात थोडी गडबड होती, नजीरनं दुरुस्त केली. संपलं.

हर्षाली : पण मग तुमचं नाव खराब होईल.

नजीर : थोडे दिवस बोलतील. मग झेंडू काढायची वेळ आली की गाडी लागतेच. आजोबांचं नाव तर गेल्यावर परत येत नाही.

हर्षाली : आजी, नजीरभाई म्हणतायत तसंच करूया. आजोबांचा फोटो अजून सोसायटीच्या ऑफिसात लावलेला आहे.

ठमाबाई : तो मीटर त्यांनी रस्त्यावरच्या भिंतीत का लावला म्हणालीस?

हर्षाली : सगळ्यांना दिसावा म्हणून. का?

ठमाबाई : काय नाय. नजीर, क्रेट घे जोखायला. माझे आधी. आकडा मोठ्यानं बोल.

नजीर : बोलतो, आजी.

हर्षाली : त्या आल्या बघ फाटकाशी. आजी, लवकर सांग. वजन पदराखाली घेऊ? आत नेऊ?

ठमाबाई : ओट्यावरच राहू दे. उलटं ठेव, बूड वर करून.