बेचाळीस चांदवे

(समजा, जानेवारीतली दुपार आहे आणि तुम्हीही चामटोलीच्या तळ्याच्या बांधावर पक्षी मोजायला पोटावर पडला आहात. दुर्बीण एकच, ती निवृत्त प्रमोद मास्तरांकडे. शेजारी त्यांची नात यशोधरा, इयत्ता पाचवी. वही तिच्याकडे. आवाज न करता ऐका.)

यशोधरा : पण मी बघितला ना तो पिंगळा. चिंचेच्या ढोलीतून डोकं काढून आपल्याकडेच बघत होता. सेम तुमच्यासारखा, चष्मा लावल्यासारखा.

आजोबा : पिंगळा म्हणजे लहानसं घुबड. ते भरदुपारी कशाला डोकं काढेल? वाळकं पान असेल. वहीत फक्त खात्रीनं पाहिलेलं लिहायचं. चौतीस वर्षं मी शाळेत हेच शिकवलं.

यशोधरा : मग माझी खात्री कुठे ठेवू?

आजोबा : तोंडात. हळू बोल, चांदवे उडतील. लिही, चांदवे बेचाळीस. काळं अंग, कपाळावर पांढरा ठिपका. गेल्या वर्षी बेचाळीस, त्याच्या आदल्या वर्षीही बेचाळीस.

यशोधरा : एकपण मेला नाही? एकालापण पिल्लू नाही?

आजोबा : शिस्तीचा पक्षी आहे. माझी यादी वाचून ठाण्याची मंडळी चार वाजता मुद्दाम बघायला येतायत. माझ्या शब्दावर.

यशोधरा : लिहिलं. पण पाऊण तासात कोणीच डुबकी मारली नाही.

आजोबा : पोट भरलं असेल.

यशोधरा : बेचाळीस जणांचं? एकदम?

मधु : काय मास्तर, आडवं झालाव? बरं नाय का?

आजोबा : शू. मधु, खाली बस. तुझ्या तळ्यातले पक्षी बिचकतील.

मधु : कुठलं पक्षी?

आजोबा : हे काय समोर.

मधु : ते माजे डबे हायेत. माशांचं जालं बुडू नये म्हनून बांधलेत. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडनं आनले, काले, पांढऱ्या झाकनाचे. तीन वर्सं झाली.

आजोबा : सगळे?

मधु : बेचाळीसच्या बेचाळीस. थांबा, वढून दावतो.

यशोधरा : आजोबा, तुमचे चांदवे रांगेत येतायत. खरंच शिस्तीचे आहेत हो. अरे, आणि ते बघा, गवतातून पाच उडाली. चोचीला पिवळं टोक.

आजोबा : हळदीकुंकू बदकं. ही मात्र खरी.

मधु : ती तं रोजच असतात. तुमचं त्वांड सदा डब्यांकडं.

आजोबा : यशू, चारला दहा कमी आहेत. सांगू का, चांदवे सकाळीच उडून गेले?

यशोधरा : उडताना पाहिलेत तुम्ही?

आजोबा : चिंच कुठली म्हणालीस?

यशोधरा : ती. डावी फांदी, खाली ढोली.

आजोबा : पान आहे ते.

यशोधरा : पान मान डोलावतं?

आजोबा : दोनदा डोलावली. डोळे वटारून बघतोय मेला. पिंगळाच.

मधु : मास्तर, गाडी आली तुमची. चारपाच जन उतरलेत, गल्यात दुर्बिनी.

आजोबा : वही दे इकडे.

यशोधरा : थांबा, लिहितेय. चांदवे शून्य. हळदीकुंकू बदकं पाच. पिंगळा एक. डबे बेचाळीस.

आजोबा : डबे लिहायलाच हवेत?

यशोधरा : खात्रीनं पाहिलेत.

आजोबा : आणि हे खाली काय?

यशोधरा : मोजणारे, प्रमोद मास्तर आणि यशोधरा.

आजोबा : डबे चांदवे म्हणून मी मोजले. तू नाही.

यशोधरा : पण वहीत चांदवे मीच लिहिले होते ना. चला, उठा. मी बोलते त्यांच्याशी.